स्ट्रट बदलायची वेळ आवाजाने नाही, टायरने सांगितली

गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने टकटक सुरू झाली होती. वेग कमी असला आणि रस्ता थोडा उखडलेला असला की हमखास. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर आवाज नाही. एकच चाक छोट्या खड्ड्यात गेलं की लगेच. शेजारी बसलेल्यांना सांगितल्याशिवाय तो ऐकू जायचा नाही, पण एकदा ऐकू आला की चालवणाऱ्याचा कान तिथून हलत नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी वर उचललीच नाही. तिथल्या माणसाने बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून गाडी जोरात दाबली आणि सोडली. गाडी एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली. तो म्हणाला, "शॉकअप गेलेत, मॅडम. नव्वद हजारांच्या वर चाललीये. चारही टाकून घ्या." पाठोपाठ खर्चाचा कागदही हातात. दाबून सोडलेली गाडी एकदाच वर येऊन थांबली, तर त्या चाचणीच्या हिशेबाने शॉकअप ठीकच आहेत. त्याच हिशेबाने, खराब असते तर ती आणखी दोन-तीनदा झुलली असती. म्हणजे निकाल आधीच लागला होता, परीक्षा नुसती दाखवायला. मी कागद घेतला आणि निघाले.

दुसरे मिस्त्री वयाने मोठे, बोलायला कमी. आवाज कधी येतो, कधी येत नाही, हे त्यांनी चार प्रश्न विचारून आधी माझ्याकडून काढून घेतलं. "दोन्ही चाकं एकदम चढली तर येत नाही ना? मग आधी लिंक रॉड बघू. पार्टचं मागून बोलू."

त्यांच्या या वाक्यामागचं कारण गाडी लिफ्टवर गेल्यावर कळलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका अंगावर कलू नये हे त्याचं काम. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक छोटा रॉड असतो आणि तो बऱ्याच गाड्यांमध्ये थेट स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंग अंगावर घेतलेल्या शॉकअपला, जोडलेला असतो. हा लिंक रॉड. दोन्ही चाकं एकदम वर गेली की बार नुसता आपल्या जागी फिरतो, त्याला पीळ पडत नाही, म्हणून लिंकवर जोर येत नाही. एकच चाक उचललं गेलं की बार पिळला जातो आणि लिंकच्या टोकाचा झिजलेला गोळा आपल्या वाटीत आपटतो. माझ्या डाव्या लिंकचं रबर फाटलेलं होतं, आतलं ग्रीस कधीच वाळून गेलं होतं. मिस्त्रींनी ती मुठीत धरून हलवली आणि हाच तो आवाज, टकटक, माझ्या डोळ्यांसमोर वाजला.

लिंक रॉडची जोडी बदलली, आवाज गेला. एका नव्या स्ट्रटच्या किमतीत अशा कितीतरी जोड्या आल्या असत्या. पहिल्या गॅरेजचा कागद माझ्या पर्समध्येच होता आणि मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. ते फार टिकलं नाही. चाक पुन्हा चढवण्याआधी मिस्त्रींनी टायर माझ्यासमोर उभा धरला आणि म्हणाले, "ताई, यावर हात फिरवून बघा. डोळे मिटून."

तळवा टायरच्या घेराभोवती फिरवला तर तो सरळ फिरत नव्हता. उंच, खोल, पुन्हा उंच, पुन्हा खोल. चार-पाच बोटांच्या अंतराने जणू कोणी चमच्याने रबर थोडं थोडं खरवडून काढलं होतं. बघताना यातलं काही दिसत नव्हतं. नक्षी शाबूत, खोली पुरेशी, टायर चांगला वाटावा असा. उजवीकडचा टायर त्याहून वाईट होता.

टायर कसा झिजलाय यावरून बरंच कळतं. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बघावं. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्यभाग उंच राहिला तर हवा कमी ठेवली जातेय. मध्यभागच झिजला तर हवा जास्त. पण घेराभोवती असे खळगे पडले, तर ते चाक रस्त्यावर सलग टेकत नाही, उड्या मारत चाललंय. प्रत्येक वेळी टेकताना थोडं रबर घासून जातं. चाकाचा बॅलन्स बिघडला तरी असे खळगे पडू शकतात, म्हणून मिस्त्रींनी आधी चाक मशिनवर फिरवून तोही तपासला. बॅलन्स जवळपास बरोबर होता. मग त्यांनी टॉर्च उजव्या स्ट्रटवर मारला.

आता स्ट्रट म्हणजे काय, हे थोडं सांगावंच लागेल, कारण खर्चाचा सगळा हिशेब तिथून येतो. आपण सरसकट शॉकअप म्हणतो, पण साधा शॉकअप आणि स्ट्रट यांत फरक आहे. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग तशीच सोडली तर ती वरखाली होतच राहील. तिचं हे हेलकावणं मारायचं काम शॉकअपचं. नळीत तेल असतं, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यावर पातळ पोलादी चकत्या. चाक वरखाली होताना तेल त्या भोकांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि हालचालीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळेच. बहुतेक नळ्यांमध्ये नायट्रोजनही दाबाने भरलेला असतो, तेलाचा फेस होऊ नये म्हणून. फेसाळलेल्या तेलातून पिस्टन अडल्याशिवाय जातो.

स्ट्रट हे सगळं करतोच, शिवाय स्प्रिंग स्वतःच्या अंगावर वागवतो आणि चाकाला वरच्या बाजूने धरूनही ठेवतो. स्टेअरिंग फिरवलं की पुढचा स्ट्रट स्वतःच फिरतो, तो बॉडीला जिथे टांगलेला असतो त्या वरच्या माउंटिंगमधल्या बेअरिंगवर. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची. १९५० मध्ये आलेल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना पुढे हेच सस्पेन्शन होतं आणि आज लहान-मध्यम गाड्यांत पुढे बहुधा तेच असतं. जागा कमी लागते, भाग कमी लागतात, गाडी बनवणाऱ्याला स्वस्त पडते. बदलणाऱ्याला मात्र ती तेवढी स्वस्त पडत नाही. साधा शॉकअप दोन बोल्ट खोलून निघतो. स्ट्रट काढायचा म्हणजे स्प्रिंग सोडवायची, माउंटिंग उघडायचं आणि चाकाचा कोन हलतो म्हणून शेवटी अलाइनमेंटही करायचं.

उजव्या स्ट्रटवरचं धूळझाकण वर सरकवलं तर नळी वरपासून स्प्रिंगच्या बैठकीपर्यंत ओली होती आणि तेलात मिसळलेल्या धुळीचा काळा चिखल तिच्यावर जमला होता. डावा कोरडा. इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. पिस्टनचा रॉड जिथून नळीत शिरतो तिथल्या सीलपाशी तेलाचा हलका ओलसरपणा, नुसता घामेजल्यासारखा, हा दोष धरत नाहीत. रॉड आत-बाहेर होताना सील ओलं राहावं म्हणून इतकं तेल बाहेर येतंच. ओघळ खाली उतरला, बोट लावल्यावर थेंब आला, पुसून पुन्हा काही दिवसांत तसाच दिसला, तर मात्र सील गेलं. आणि उलटही खरं: कोरडा दिसणारा स्ट्रट चांगलाच असेल असं नाही. आतल्या चकत्या झिजतात, गॅस निसटतो, तेल पातळ होतं, यातलं बाहेरून काहीही दिसत नाही.

मग मी तो बॉनेट दाबण्याचा विषय काढला. चाचणीत गाडी पास, टायर नापास, हे कसं? मिस्त्री म्हणाले, "हाताने बॉडी हलते, चाक नाही हलत." नंतर वाचलं तेव्हा त्या चार शब्दांचा पूर्ण अर्थ लागला. स्प्रिंगवर बसलेली गाडीची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलते. टायर आणि बॉडी यांच्यामध्ये सापडलेलं चाक मात्र सेकंदाला १० ते १५ वेळा थरथरतं. दोन हातांनी दाबून आपण फक्त पहिली, संथ हालचाल तपासतो. त्यातही सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी बुशांचं घर्षण मदतीला असतं. त्यामुळे निम्मा निकामी झालेला शॉकअपही या परीक्षेत सहज निभावतो. गाडी दाबल्यावर झुलत राहिली तर तो शॉकअप नक्की मेला. झुलली नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

गाडी चालवताना मला काहीच कसं जाणवलं नाही, हा प्रश्न उरतोच. खरं तर जाणवत होतं, पण स्ट्रट एका दिवसात जात नाही. दर महिन्याला थोडा थोडा सैल होत जातो आणि आपण तितकेच सावकाश त्याला सरावतो. आधी ब्रेक मारतो, वळणावर आधी वेग कमी करतो, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जायचं आणि थांबल्यावर पुन्हा मागे एक हिसका यायचा. लांब उतारावर रस्त्याला लाटा असल्या की गाडी लाट संपल्यावरही एकदा जास्तीची डुलायची. उखडलेल्या वळणावर स्टेअरिंग धरलेलं असूनही गाडी हळूच बाहेरच्या बाजूला सरकायची. यातल्या शेवटच्याने मला खरं म्हणजे आधीच गॅरेजमध्ये पाठवायला हवं होतं, पण आवाज येत नव्हता ना. टकटक झाली नसती तर मी आणखी वर्षभर तशीच चालवली असती. स्ट्रट बहुधा गाजावाजा न करता जातो. खडखडाट करतात ते लिंक रॉड, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, वरचं माउंटिंग.

अजून एक घोळ कानावर पडत असतो, तो इथेच मिटवते. गाडी एका बाजूने खाली बसलेली दिसली तर दोष स्प्रिंगचा, स्ट्रटचा नाही. शॉकअप वजन पेलतच नाही. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढली गेली तर हवा, टायर आणि अलाइनमेंट. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना 'टणण' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर वरचं बेअरिंग अडकलंय. यातल्या कशावरही नवे स्ट्रट हा उपाय नाही, आणि यातल्या प्रत्येकावर कोणीतरी कोणालातरी नवे स्ट्रट विकलेले आहेत.

टायर आणि ओघळ एवढ्यावर मी हो म्हटलं असतं, पण मिस्त्रींनीच एका तपासणी केंद्राचं नाव सुचवलं. तिथे सस्पेन्शन तपासायचा पाट असतो. एका आसाची दोन चाकं त्यावर उभी करायची. पाट एकेक चाक सेकंदाला सुमारे २५ वेळा हलवून मग थांबू देतो आणि त्या थांबण्याच्या दरम्यान चाक पाटावर कमीत कमी किती दाबाने टेकलं होतं ते मोजतो. गाडी नुसती उभी असताना त्या चाकावर जेवढं वजन असतं त्याच्या किती टक्के दाब उरला, तो आकडा. युरोपातल्या शॉक अब्सॉर्बर निर्मात्यांच्या संघटनेवरून या पद्धतीला युसामा म्हणतात. ६० च्या वर चांगलं, ४० च्या खाली कमकुवत, २० च्या खाली धोकादायक, असे ढोबळ टप्पे. आधी टायरमधली हवा नीट भरून घ्यावी लागते, नाहीतर आकडा फसवतो. हलक्या गाडीच्या मागच्या आसाला आकडा तसाही कमीच येतो. म्हणून नुसत्या आकड्याइतकाच डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा.

माझा पुढचा उजवा तिशीत आला, डावा चाळिशीत. मागचे दोन्ही साठीच्या आसपास आणि एकमेकांच्या बरोबरीने. "चारही टाकून घ्या" या सल्ल्यातले दोन तिथेच गळाले.

किलोमीटरवरून ठरवावं का, हेही मी विचारलं. शॉकअप बनवणाऱ्या कंपन्या साधारण ८०,००० किलोमीटरनंतर लक्ष ठेवायला सांगतात. चांगल्या रस्त्यावर, कमी वजन घेऊन चालणाऱ्या गाडीचे याच्या दुप्पट टिकलेले लोक भेटतात. खड्ड्यांत, सदैव भरलेल्या गाडीचे याच्या निम्म्यातही जातात. धूळझाकण फाटलेलं राहिलं तर वेळ आणखी लवकर येते, कारण रॉडच्या चकचकीत पृष्ठभागावर चिकटलेली रेती प्रत्येक हेलकाव्याला सील कापत जाते. म्हणजे ८०,००० हा बदलायचा आकडा नाही, बघायला सुरुवात करायचा आकडा आहे.

डावा चाळिशीत आणि कोरडा, तर फक्त उजवा बदलून चालेल का? नाही. एका आसावर एक नवा आणि एक अर्धा गेलेला असला की ब्रेक मारताना आणि वळताना दोन चाकं वेगवेगळी वागतात, आणि तेही बहुधा नेमकं गरजेच्या वेळी. पुढची जोडी किंवा मागची जोडी, इथे घासाघीस करायची नाही.

घासाघीस करायची जागा वेगळी आहे. स्ट्रट दोन तऱ्हेने मिळतो. एक, नुसती नळी. आपली जुनी स्प्रिंग सोडवून तिच्यावर चढवायची. दुसरा, स्प्रिंग आणि माउंटिंगसकट तयार जोडलेला. जुना काढायचा, हा बसवायचा. तयार जोडणी महाग, पण मजुरी कमी, कारण स्प्रिंग दाबायचं जोखमीचं काम वाचतं. जिथे मजुरीचा दर जास्त आहे तिथे दोन्ही बिलं जवळजवळ सारखीच होतात. माझ्या गाडीसाठी मिळत होती ती तयार जोडणी एकाच स्प्रिंगवर दोन-तीन मॉडेलं भागवणारी होती, इंजिनाच्या वजनाचा फरक बाजूला ठेवून. मिस्त्रींनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे टेपने मोजली. सारखी भरली. स्प्रिंगचे वेढे शाबूत, कुठे तडा नाही, गंज वरवरचा. म्हणून जुन्या स्प्रिंग ठेवून नुसत्या नळ्या घ्यायच्या ठरलं.

कोणत्या कंपनीच्या? मन्रो, केवायबी, सॅक्स, गेब्रियल ही मंडळी गाडी कंपन्यांनाही माल पुरवतात आणि बाजारातही विकतात. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला आणि मूळ उत्पादकाच्या खोक्यातला भाग पुष्कळदा एकाच कारखान्यातून आलेला असतो, किंमत मात्र वेगळी. फार स्वस्त, नाव नसलेला घेतला नाही. आतल्या चकत्या कशा लावल्यात हे आपल्याला दिसत नाही आणि मजुरी दुसऱ्यांदाही तेवढीच पडते. ज्यांच्या गाडीत बटणाने मऊ-कडक होणारे, इलेक्ट्रॉनिक शॉकअप आहेत त्यांनी मात्र हा हिशेब विसरावा. तिथे एकेक नग साध्याच्या कित्येक पट असतो आणि पर्याय फार नसतात.

दुसरी जागा म्हणजे सोबतचे भाग. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप म्हणजे रॉडवरचा फोमचा ठोकळा, आणि धूळझाकण. मला आधी वाटलं, हे बिल फुगवायचं सामान. पण स्ट्रट उघडला की हे सगळं तसंही बाहेर येतं, त्यासाठी वेगळी मजुरी लागत नाही. आज जुनंच ठेवलं आणि वर्षभराने माउंटिंग वाजायला लागलं तर पूर्ण काम पुन्हा, अलाइनमेंटसकट. मी घेतलं. नंतर जुने भाग हातात आल्यावर त्याबद्दल शंका उरली नाही: बंप स्टॉप बोटांनी चिमटताच पिवळा भुगा होऊन गळला आणि बेअरिंग फिरवताना करकर दाताखाली येत होती.

काम मी पूर्ण वेळ तिथेच उभी राहून पाहिलं. चाक निघालं, ब्रेकचा होज म्हणजे रबरी पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून सोडवली, नवीन बसवलेली लिंक पुन्हा खोलली. स्ट्रट खाली ज्या दोन जाड बोल्टांनी चाकाच्या भागाला जोडलेला असतो त्यांच्याभोवती पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, बसवताना निदान जुन्या कोनाच्या जवळपास यावं म्हणून. चाकाचा भाग तारेने वर बांधून ठेवला. तो लोंबकळला तर ब्रेकच्या होजवर ताण येतो. मग बॉनेटखालचे तीन नट. मधला मोठा नट मात्र गाडीवर असताना सोडायचा नसतो. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाने अडवलेली असते.

स्प्रिंग दाबायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी मला हाताने मागे व्हायला सांगितलं. दोन्ही बाजूंनी आकडे लावून, एकदा इकडे एकदा तिकडे असं थोडं थोडं आवळत त्यांनी ती दाबली. स्प्रिंगमध्ये तेव्हा काही शे किलोंचा जोर कोंडलेला असतो आणि आकडा निसटला तर ती कुठे जाईल ते सांगता येत नाही. घरी स्वतः करता येईल का, असं मला नंतर एकाने विचारलं. तयार जोडणी असेल, हत्यारं आणि टॉर्क रेंच म्हणजे ठरावीक जोराने आवळायचा पाना असेल, तर हात बसलेल्याने करावं. स्प्रिंग सोडवायची असेल तर मी नाही म्हणेन.

जुना उजवा स्ट्रट उभा धरून त्यांनी माझ्या हातात दिला. रॉड दाबला तर पहिले दोन बोटं काहीच अडथळा नाही, मग थोडासा, आणि रॉड खाली जाऊन तिथेच बसला. वर यायचं नाव नाही. नव्याचा बांधलेला पट्टा कापला तर रॉड आपला आपणच, सावकाश, न थांबता पूर्ण वर आला. मी दोन्ही हातांनी दाबून पाहिला तर अंगाचा भार टाकावा लागला. तो बसवण्याआधी उभा धरून काही वेळा पूर्ण आत-बाहेर करायचा असतो, आडवा पडून राहिल्यामुळे तेलात शिरलेली हवा निघावी म्हणून. रॉडला पक्कड लावायची नाही. एक ओरखडा नवं सील खाऊन टाकतो. नट नवे, जुने पुन्हा वापरले नाहीत. रबरी बुशांतून जाणारे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी जमिनीवर पूर्ण भाराने टेकल्यावर, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. हे शेवटचं अनेक गॅरेजमध्ये घाईत राहून जातं. विचारून घ्यावं.

अलाइनमेंट लगेच त्याच दिवशी. खुणा करूनही कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, थोडा हललाच होता आणि त्याबरोबर टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते. ज्या अंदाजपत्रकात स्ट्रट आहे आणि अलाइनमेंट नाही, ते अर्धं आहे असं समजावं.

बिलाचा मेळ असा बसला: दोन नळ्यांचे निम्म्याला थोडे कमी, मजुरी साधारण पाव हिस्सा, माउंटिंग-बेअरिंग-ठोकळे-झाकणं मिळून मजुरीपेक्षा थोडे कमी, उरलेलं अलाइनमेंट आणि नट-बोल्ट. पुढच्या जोडीचा भाव विचारताना लोक बहुधा नळीचीच किंमत विचारतात आणि बिल दुपटीने आल्यावर चिडतात. पहिल्या गॅरेजने चार नगांचा जो आकडा दिला होता त्याच्या निम्म्याहून हा बराच खाली होता. आणि त्या कागदात लिंक रॉड नव्हतेच, म्हणजे एवढा खर्च करूनही टकटक तशीच राहिली असती.

गाडी रस्त्यावर आणल्यावर पहिले काही दिवस ती मला कडक वाटली. कडक नव्हती, आधी ढिली होती. ब्रेक दाबला की नाक जागेवर राहतं. उतारावरच्या लाटांवर एकदाच दबते आणि बसते. उखडलेल्या वळणावर स्टेअरिंग जिथे धरलं तिथेच गाडी जाते. पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा मी सवयीने जास्तच आत वळवलं आणि दुरुस्त करावं लागलं.

एक गोष्ट मात्र गेली नाही. वेग वाढला की पुढून एक गुरगुर यायची, जी मी इतके दिवस रस्त्याचीच समजत होते. नव्या स्ट्रटवरही ती तशीच होती. टायरला पडलेले खळगे भरून येत नाहीत. स्ट्रट बदलल्यावर नवे पडायचे थांबतात, इतकंच. सगळ्यात खोल खळग्यात नक्षी जेमतेम ३ मिलिमीटर उरली होती. काही आठवडे ती गुरगुर ऐकली आणि मग दोन टायर नवे घेतले. नवे मागे लावले, मागचे पुढे आणले, आणि ते बिल स्ट्रटच्या बिलालाच टाचून ठेवलं, कारण वर्षभर आधी चाकाभोवती हात फिरवला असता तर ते आलंच नसतं. मागचे शॉकअप अजून मूळचेच आहेत. पुढच्या सर्व्हिसला गाडी पुन्हा त्या पाटावर चढवणार आहे.